तिसरी खूण

१

मालोजीला फितूर ठरवणारं पत्र मी लिहिलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकताना कुणी मला भला माणूस समजायला नको.

सन बावन्नचा फेब्रुवारी. मुंबई-पुणे मार्गावर तेव्हा 'सारंग एअर' नावाची एक छोटी कंपनी रोज सकाळी साडेनऊला विमान सोडायची. दहा उतारू आणि टपालाच्या थैल्या, चाळीस मिनिटांत पुणं. त्याच हिवाळ्यात रेल्वेनं नवी जलद गाडी काढली आणि दोघांत जुंपली ती टपालाच्या ठेक्यावरून. सरकारनं तीन महिन्यांची मुदत दिली होती. जो जास्त दिवस वेळेवर पोचेल त्याला टपाल मिळणार. कर्जत स्टेशनात रेल्वेनं भली मोठी पाटी लावली होती, 'आमच्या गाडीला धुकं लागत नाही.' ती वाचली की माझं डोकं फिरायचं.

मी सदाशिव. खोपोलीत कंपनीचा एजंट होतो, गाव मला सदूभाऊ म्हणे. घाट मोकळा आहे की धुक्यात, हे रोज सकाळी मुंबईला फोन करून कळवायचं हे माझं मुख्य काम. प्रत्यक्ष बघायला माणूस ठेवला होता साजगावचा मालोजी. तो आठ वाजता गावाबाहेरच्या टेकाडावर उभा राहायचा आणि कंपनीच्या दुर्बिणीतून तीन खुणा बघायचा. एक राजमाचीचा माथा, दुसरी नागफणीचं टोक. तिसरी खूण घाटाच्या मध्यावर डोंगराच्या एका सोंडेवर होती. चुना फासलेला, पुरुषभर उंचीचा दगड. वरचं धुकं पहिल्या दोन खुणांवरून कळायचं, आणि मधल्या खोबणीत साचलेलं त्या दगडावरून. तिन्ही दिसल्या तर घाट साफ, एक जरी कमी तर बंद. तो सायकल हाणत माझ्याकडे यायचा आणि मी फोन लावायचो.

जानेवारीच्या शेवटी घाट वरचेवर बंद पडू लागला. चार आठवड्यांत नऊ वेळा. नऊ वेळा विमान जुहूच्या धावपट्टीवरच उभं राहिलं आणि उतारूंनी पुढल्या खेपेला मुकाट्यानं गाडीचं तिकीट काढलं. आमच्या मॅनेजरसाहेबांनी ओळखीतून चौकशी केली, त्या सकाळी घाट चढलेल्या गाड्यांच्या गार्डांना विचारलं. नऊपैकी आठ दिवस घाट आरशासारखा लख्ख होता म्हणे.

मग खोटं कोण बोलत होतं? मी तर नव्हतो. कर्जतच्या फलाटावर चहा-वड्याचा ठेका असलेला चांगो आणि मालोजी, या दोघांना मी खोपोलीत एका बाकावर बसून चहा पिताना पाहिलं होतं. विमान बंद पडलं की चांगोचा गल्ला भरतो. मी दोन आणि दोन चार केले, पत्र लिहिलं आणि स्वतःवर खूश झालो.

साहेबांचं उत्तर आलं, शनिवारी फौजदाराला घेऊन येतो. साजगावात बातमी फुटली. मालोजीच्या थोरल्या मुलीची सोयरीक जमत आली होती, ती पाहुण्यांनी थांबवली. शनिवारी बाप निर्दोष ठरला तर बोलू, असा निरोप आला. आणि सोमवारी माझ्या हपिसाच्या पायरीवर काखेत छत्री मारून एक म्हातारा येऊन बसला.

"सायबानं धाडलंय," तो म्हणाला. "फौजदार यायच्या आधी जरा बग म्हनाले. तुमच्यापासनं सुरवात करू का?"

२

हा लडकू हवालदार. खालापूरचा, नोकरीतून निवृत्त झालेला. तंबाखू मळता मळता बोलायचा आणि समोरच्याकडे न बघता त्याला पुरतं वाचायचा. माझ्यापासून सुरवात म्हटल्यावर माझा तिळपापड झाला. तक्रार करणारा मी, आणि चौकशी माझी?

"रागावू नका, सदूभाऊ. कागद तुमच्याकडं हायत. कंच्या कंच्या दिवशी घाट बंद पडला, तेवडं सांगा."

मी वही काढली. तारखा वाचल्या. त्यानं भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून मांडीवर घेतलं आणि काडीनं एकेक तारखेला टोचा मारत गेला. मध्येच थांबला.

"ह्यो बुधवार सोडून द्या. त्या दिवशी खरंच धुकं हुतं, गाड्यापन शिट्ट्या मारत चढल्या. ऱ्हायलं आठ." त्यानं कॅलेंडर माझ्याकडे फिरवलं. "चार मंगळवार. चार शुक्रवार. सदूभाऊ, धुक्याला वार कळतो का हो?"

मी टाळीच द्यायचा बाकी राहिलो. "हवालदार, चांगो खोपोलीत कधी येतो माहीत आहे? मंगळवारी आणि शुक्रवारी! तेव्हाच पैसे पोचत असणार."

"असतीलबी," तो म्हणाला. "मालोजी येऊन काय सांगायचा? सबूदच्या सबूद सांगा."

"दोनच, असं म्हणायचा."

"कंच्या दोन?"

मी वही चाळली. विचारलं नव्हतं. माझ्या वहीत साफ आणि बंद असे दोनच रकाने होते, आणि तिनांत एक जरी कमी पडली तरी रकाना ठरलेला होता. त्याच्या पलीकडे मला काही नको होतं. तसं मी मालोजीला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, तू फक्त मोज, डोकं चालवू नकोस.

"तिसऱ्या खुनेचा त्यो दगुड," लडकूनं विचारलं, "चुना कोनी फासला?"

"मी. म्हणजे माझ्या देखरेखीखाली. डिसेंबरात. बादली मालोजीनं वाहिली."

"तवा तितं कोन हुतं?"

"कुणी नाही," मी म्हणालो. कुणीतरी होतं. पण त्या वेळी मला ते सांगण्यासारखं वाटलं नाही, आणि खरं सांगायचं तर आठवायलाही नको होतं.

३

मंगळवारी दुपारी आम्ही साजगावला गेलो. त्या सकाळीही मालोजी 'दोनच' सांगून गेला होता. पाचवा मंगळवार.

मालोजी ओसरीवर बसला होता. चाळिशीचा, अंगानं काटक. सारवलेल्या जमिनीवर बोटानं रेघा ओढत होता. त्याची बायको बायजा दाराआड उभी होती.

"मालोजी, चांगोनं तुला काय दिलं?" लडकूनं थेट विचारलं.

"च्या पाजला. मेव्हनीच्या सासरचा हाय त्यो."

"पैसं?"

"नाय."

"मंग तिसरी खूण का नाय दिसली?"

मालोजीचं बोट रेघेवरच थांबलं. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मला बरं वाटलं असतं. मी दुसरीकडे बघितलं.

"शनिवारी तुरुंगात जाशील रं," लडकू म्हणाला.

"जाईन."

बायजा पुढे आली. "जाईन काय जाईन? पोरीचं कसं व्हायाचं? हवालदार, ह्येंना बोलतं करा तुमी. महिना झाला, मंगळवार-शुक्रवारी ह्यो मानूस घरात जेवत नाय. इचारलं तर तोंड फिरवतो."

"तू आत जा गं," मालोजी एवढंच म्हणाला.

परतीच्या वाटेवर मी लडकूला म्हटलं, बघा, चेहराच सांगतोय. अपराधी आहे.

"अपराधी हाय," त्यानं कबूल केलं. "पर पैसं खानाऱ्याचं त्वांड मी तीस वर्सं बगितलंय. त्यो सफाई देतो, आया-भयनीच्या शपता घेतो. ज्यानं खाल्लं नाय त्यो वरडतो. ह्यो दोनीबी करत नाय. सदूभाऊ, ह्या मानसाला शिक्षा हवी हाय. आपुन शोधतोय त्या गुन्ह्याची न्हवं. दुसऱ्याच कशाची तरी."

४

गुरुवारी कर्जत. नवी जलद गाडी फलाटाला लागली तेव्हा चांगोची पोरं वड्यांच्या परड्या घेऊन खिडक्यांना लटकली होती. घाट चढवायला मागून ढकलणारी इंजिनं इथेच जोडतात, तेवढ्या मिनिटांवर चांगोचं सगळं दुकान चालायचं. मागे इंजिन लागल्याचा धक्का बसला, गाडी हलली, आणि परड्या रिकाम्या झाल्या.

चांगो पोट सुटलेला, गडगडाटी हसणारा. विमानाचं नाव काढताच आणखी हसला.

"बंद पडलं तर मला बरंच हाय की. खोटं कशाला बोलू? विमानात बसल्याव खिडकीतनं वडा कोन घेनार? पर त्यासाटी मी मालोजीला पैसं दिऊ? अहो, माजी भट्टी सरपनावर चालते, धुक्यावर न्हाय."

"खोपोलीला कशाला जातोस?" लडकूनं विचारलं.

"सरपनालाच. वरच्या वाडीच्या बायका मोळ्या घेऊन उतरतात मंगळवारी आन शुक्रवारी. पयलं सकाळी नवाला हजर असायच्या. आता महिनाभर बगतोय, अकरा वाजवतात. मी बाकावर बसून ऱ्हातो, मालोजी भेटला तर च्या पितो. इचारलं त्यांना उशीर का गं, तर म्हनतात देवीचं काम हुतं."

लडकूचं तंबाखू मळणं थांबलं. "वरची वाडी म्हंजी त्या सोंडंवरची?"

"तीच. मधी दोन महिनं वाडीच रिकामी हुती, समदी कोळशाच्या भट्ट्यांवर गेलेली. संक्रांतीनंतर परतली."

लडकू उठला. चांगोनं देऊ केलेला वडा त्यानं घेतला आणि खात खातच माझ्या तोंडाकडे बघितलं.  

"सदूभाऊ, पुन्यांदा इचारतो. चुना फासला तवा तितं कोन हुतं?"

"एक म्हातारी," मी म्हणालो.

५

शुक्रवारी सकाळी आठ वाजता टेकाडावर मालोजीच्या जागी मी उभा होतो. तो दहा हात लांब बसला होता, गुडघ्यांवर हात ठेवून. हवा स्वच्छ होती. राजमाचीचा माथा दिसला, नागफणीचं टोक दिसलं. दुर्बीण खाली सोंडेवर आणली. पांढरं काही नव्हतं.

"धुकं हाय?" लडकूनं विचारलं.

"नाही. झाडं दिसतात, कडा दिसतो. फक्त दगड नाही."

"नीट बगा. कायतरी हिरवं दिसंल."

दिसलं. दगडाच्या जागी दगडाएवढंच काहीतरी हिरवं उभं होतं, आणि त्याच्या भोवती माणसं हलत होती. 

"चला," लडकू म्हणाला. "मला चढवत न्हाय, पर तुमच्यासंगं चढीन."

वर पोचायला दोन तास लागले. बायका उतरून गेल्या होत्या. दगडाला हिरवं नऊवारी लुगडं नेसवलेलं होतं, निऱ्या नीट काढलेल्या, पुढे हळदकुंकू आणि नारळ. शेजारी एक म्हातारी बसली होती. मी तिला ओळखलं. तिनं मला आधीच ओळखलं होतं.

"आलासा?" ती म्हणाली. "बादली न्हाय आनली आज?"

आता सांगतोच. डिसेंबरात चुना घेऊन आम्ही आलो तेव्हा वाडीत ही सोनुबाई एकटीच होती. त्या दगडावर शेंदूर होता. वर्षानुवर्षांच्या पावसानं फिकट झालेला, पण होता. ती माझ्यासमोर उभी राहून म्हणाली होती, ही आमची आई हाय. मालोजीनं बादली खाली ठेवली होती. मी त्याला उचलायला लावली. जागा मोक्याची होती, दुसरा दगड शोधायला आणखी एक दिवस गेला असता. आणि तिला मी हसत हसत म्हणालो, "बरं झालं की, पांढऱ्यात तुमची आई लांबून उजळ दिसेल."

हे मी बोललो. कुणी माझ्या तोंडात घातलं नव्हतं.

"लोकं भट्टीवरनं परत आली," सोनुबाई सांगत होती, माझ्याशी नाही, लडकूशी. "बगत्यात तर आयचं कपाळ पांढरं. बाया रडल्या. मी म्हनलं, आता हात लावू नका, सायबाचा चुना हाय, पोलीस येतील. मंग ठरवलं, रोज नाय तर नाय, पर तिच्या वारी तरी ती पांढऱ्यात ऱ्हानार नाय. मंगळवारी-शुक्रवारी उजाडता लुगडं नेसवतो, सांजंला काढून ठेवतो. आमी काय गुन्हा केला का?"

"न्हाय, आये," लडकू म्हणाला.

तो माझ्याकडे वळला. आवाज चढवला नाही. "तिसरी खूण दिसली न्हाय, कारन तिला लुगडं हुतं. मालोजीला दोन दिसल्या, त्यानं दोन सांगितल्या. तुमी नेमून दिलं तेवडंच केलं त्यानं. आता उद्या फौजदार येतोय. मी सायबाला लिवून देऊ शकतो, की बायकांच्या पूजेनं खूण झाकली, मालोजी सुटला. तुमचं नावबी यायचं न्हाय त्यात. पर मंग सायेब पयलं काय करंल?"

 लुगडं ओढून काढायला शिपाई बसवेल. मंगळवार-शुक्रवार, वाडीवर.

"पयलं पत्र तुमचं हुतं," लडकू म्हणाला. "दुसरं कोनाचं, ते उद्यापतूर ठरवा."

६

शनिवारी साजगावच्या चावडीसमोर निम्मं गाव जमलं होतं. मॅनेजरसाहेब खुर्चीवर, बाजूला फौजदार. मालोजी खाली उभा, मागे बायजा आणि मुलगी. मुलीच्या होणाऱ्या सासरकडचा एक माणूसही मुद्दाम आला होता, तो पडवीच्या खांबाला टेकून होता.

मी पत्र वगैरे लिहिलं नव्हतं. लिहिलं असतं तर त्यात मी मखलाशी केली असती, मला माझी सवय माहीत आहे. मी उभा राहिलो आणि सांगितलं. देवीच्या दगडाला चुना मी फासायला लावला. देवी आहे हे मला सांगण्यात आलं होतं. वर थट्टा केली ती मी. मालोजीनं एकही खोटा शब्द सांगितला नाही, आणि कुठल्या दोन हे एकदाही न विचारणारा मीच. घाट त्या आठही दिवशी साफ होता, तो बंद केला माझ्या चुन्यानं.

 मग मागून एक बाई रडायला लागली, बायजा असावी. साहेबांनी मला विचारलं, हे सगळं चारचौघांत कशाला, हपिसात सांगता आलं असतं. मी म्हटलं, पत्र हपिसात लिहिलं होतं, बदनामी मात्र इथे झाली.

फौजदार चहा पिऊन गेला. सासरच्या माणसानं मालोजीला रामराम केला आणि पुढल्या रविवारी येतो म्हणाला. मला साहेबांनी तिथल्या तिथे कामावरून कमी केलं. चुना खरवडून काढायचा आणि शिपाई बसवायचा नाही, एवढं मी त्यांच्याकडून चारचौघांत कबूल करून घेतलं. त्यांना तरी त्यात काय जड होतं? ठेका हातचा गेल्याचं ते समजून चुकले होते. महिन्याभरानं टपाल गाडीनं जायला लागलं, आणि पावसाळ्याआधी कंपनीनं विमान विकून टाकलं.

गर्दी पांगल्यावर मी मालोजीजवळ गेलो. माफी मागितली. त्यानं मान हलवली. आपण आपलं काम केलं, आता मोकळे झालो, असं क्षणभर मला वाटलं. मग मी नको ते विचारलं.

"मालोजी, तुला तर पहिल्या मंगळवारीच लुगडं दिसलं असणार. मला का नाही सांगितलंस?"

"माज्या जन्माचा नवस माज्या आयनं तितंच फेडला हुता," तो म्हणाला. "आन बादली माज्या हातात हुती. तुमी उचल म्हनलात, मी उचलली. मला कायतरी भोगायला पायजेच हुतं."

"तरी पण. मुलीसाठी तरी सांगायचंस. एका शब्दानं सुटला असतास."

त्यानं पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ बघितलं.

"सांगितलं असतं तर तुमी काय केलं असतं, सदूभाऊ? लुगडं काढायला मानूस धाडला असता."

मी खाली बघितलं. धाडला असता. त्याच दिवशी.

"आन कोनाला धाडलं असतं?" मालोजी म्हणाला. "मलाच."